ठाणे-नवी मुंबईच्या हवेत कारला थर्मोस्टॅट कोणता: ७६, ८२ की ८८?

उन्हाळा लागला की ठाण्यातल्या गॅरेजांमध्ये दोन सल्ले सर्रास मिळतात. "गाडी तापते ना? थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे थंडी आहेच कुठे?" हा एक. दुसरा जरा जाणकाराचा वाटतो: "८८चा काढून ७६चा टाका, इंजिन थंड राहील." दोन्ही सल्ले ऐकून लोक पैसे घालवतात, घोडबंदर रोडवर गाडी तापायची तशीच तापते, आणि वर अॅव्हरेज घसरतं ते वेगळंच.

म्हणून खरेदीआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरची झडप: आतलं मेण तापून फुगलं की ती उघडते आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) रेडिएटरमधून फिरतं. थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान राखतो. कमाल तापमान ठरतं रेडिएटर, फॅन, वॉटर पंप, कूलंट आणि प्रेशर कॅप यांच्यावर. ८२चा थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो आणि ९५च्या आसपास पूर्ण उघडतो. ८८चा पूर्ण उघडायला १०० अंशांपर्यंत जातो. रेडिएटरचा फॅन बहुतेक गाड्यांत ९५ ते ९८ अंशांना लागतो. आता संध्याकाळी माजिवड्याला अर्धा तास अडकलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. कूलंट ९८ला पोचलेलं असताना ७६चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असतो आणि ८२चाही पूर्ण उघडाच असतो. रेडिएटरकडे जाणारी वाट दोन्हींत सारखीच मोकळी. मग फरक पडणार कुठून? कमी आकड्याच्या गाडीला तापायला दोन-चार मिनिटं जास्त लागतील, एवढंच.

## १. आपल्या गाडीचा मूळ आकडा शोधा

तीन ठिकाणी पाहा, आणि किमान दोन ठिकाणचे आकडे जुळले पाहिजेत.

पहिलं ठिकाण सर्व्हिस मॅन्युअल. मालकाला गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हा आकडा बहुधा नसतो. तो दुरुस्तीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तिथे तीन गोष्टी लिहून घ्या: उघडायला लागण्याचं तापमान, पूर्ण उघडण्याचं तापमान, आणि पूर्ण उघडल्यावर व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उचलला जातो. हे उचललं जाणं बऱ्याच गाड्यांत ८ मिलिमीटर किंवा जास्त असतं.

दुसरं, कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर चासी नंबर सांगून मिळणारा पार्ट नंबर. "२०१६ची पेट्रोल" एवढ्यावर भागवू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्यात इंजिन किंवा हाऊसिंग (थर्मोस्टॅट बसतो ते कवच) बदललेलं असू शकतं.

तिसरं, जुन्या थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा. तो कडेच्या चकतीवर किंवा मधल्या पितळी नळकांड्याच्या बुडाशी असतो. हा पुरावा एकटा धरू नका, कारण आधीच्या मेकॅनिकने भलताच थर्मोस्टॅट बसवलेला असू शकतो.

आपल्याकडच्या गाड्यांत ८२ आणि ८८ हे आकडे जास्त दिसतात. ७६, ७८, ८०, ८७ हेही आढळतात. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका, इंजिन एकाच घरातलं असलं तरी.

## २. खरेदीआधी गाडीचं तापमान मोजा

सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून निर्णय घेतला जातो, आणि आजच्या गाड्यांत तो काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो: कूलंट ८० असो वा १००, काटा मध्यावरच. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. लाल दिवा लागतो तेव्हा मोजायची वेळ टळून गेलेली असते.

२०१३नंतरच्या गाडीला ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं उपकरण) लावा आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान पाहा. चार वेळा नोंद घ्यायची.

थंड इंजिन. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन न चालवता फक्त इग्निशन चालू करा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन-तीन अंशांच्या फरकाने जुळलं पाहिजे. फरक १०-१५ अंशांचा असेल तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर बिघडला आहे. आधी तो दुरुस्त करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे खोटे.

मोकळा रस्ता. रविवारी पहाटे पाम बीच रोड किंवा ठाणे-बेलापूर रोड यासाठी उत्तम. इंजिन गरम झाल्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या स्थिर वेगाने दहा मिनिटं चालवा.

उभी गाडी. दुपारी, एसी चालू, पंधरा-वीस मिनिटं. फॅन किती अंशांना लागतो, किती अंशांना बंद होतो, दोन्ही टिपा. एसी चालू असताना फॅन तसाही फिरतो, म्हणून एकदा एसी बंद करूनही हे पाहा.

चढ. गायमुखचा चढ छोटा आहे, तिथे प्राथमिक अंदाज येतो. खरी परीक्षा खंडाळ्याच्या बोरघाटात किंवा नाशिककडे जाताना कसाऱ्याला, गाडी भरलेली असताना.

> सावधान: आकडे शेजारी बसलेल्याने वाचायचे. चालवणाऱ्याने मोबाइलकडे पाहायचं नाही. आणि उभ्या गाडीची चाचणी सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका. बंद जागेत एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड साचतो.

आता आकड्यांचा अर्थ.

मोकळ्या रस्त्यावर ६० ते ७० आणि सिग्नलला थांबलं की हळूहळू वर, असं दिसलं तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे किंवा कुणीतरी तो काढून टाकला आहे. स्कॅनरवर पी ०१२८ (इंजिन पुरेसं गरम होत नाही) हा कोड आला तर त्याचाही रोख इकडेच असतो.

मोकळ्या रस्त्यावर ८५ ते ९५ मध्ये स्थिर, पण जॅममध्ये १०५च्या पुढे. इथे थर्मोस्टॅट निर्दोष आहे. फॅन पाहा, रेडिएटरची जाळी पाहा.

जॅममध्ये ठीक, पण चढावर किंवा वेगात तापमान चढत जातं. रेडिएटर आतून चोंदला असेल, पंपाचं पातं झिजलं असेल, खालचा होज (रबरी नळी) आत ओढला जाऊन चपटा होत असेल, किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल. शेवटचा संशय पातेल्यातल्या चाचणीत मिटतो. ती पुढे येते.

थंड इंजिन सुरू केल्यापासून काही मिनिटांतच १०५च्या वर, आणि रेडिएटरचा वरचा होज मात्र थंड. थर्मोस्टॅट बंद अडकला आहे, किंवा कूलंट कमी होऊन आत हवा भरली आहे. या अवस्थेत एक किलोमीटरही चालवू नका. हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

एक बारकावा इथे बरेच मेकॅनिकही चुकवतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट पाणी बाहेर पडण्याच्या बाजूला म्हणजे वरच्या होजपाशी असतो, तर काहींत पाणी आत येण्याच्या बाजूला, खालच्या होजपाशी. दुसऱ्या प्रकारात तो रेडिएटरमधून थंड होऊन आलेल्या आणि बायपासच्या (रेडिएटरला वळसा घालणाऱ्या वाटेच्या) गरम पाण्याच्या मिश्रणाला प्रतिसाद देतो, आणि सेन्सर मात्र इंजिनातून बाहेर पडणारं पाणी मोजतो. त्यामुळे ८२चा थर्मोस्टॅट असूनही स्कॅनरवर ९० किंवा ९३ दिसू शकतात. ही बिघाडाची खूण नाही. "८२ लिहिलंय आणि ९२ दाखवतोय, म्हणजे खराब" असं म्हणून चांगला थर्मोस्टॅट फेकू नका.

## ३. थर्मोस्टॅटवर आळ घेण्याआधी

तापणाऱ्या गाडीत पुढच्या गोष्टी या क्रमाने तपासा. क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे.

१. कूलंटची पातळी. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या जादा बाटलीतली आणि, रेडिएटरला कॅप असेल तर, रेडिएटरमधलीही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा हे नेहमी आढळतं. कॅपचा छोटा उलटा व्हॉल्व्ह बिघडला की पाणी बाटलीतून परत येत नाही.

२. प्रेशर कॅप. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, ०.९ बारच्या जादा दाबाखाली मात्र ११८च्या आसपास. कॅपचं रबर कडक झालं तर हे सगळं संरक्षण जातं आणि एरवी निभावून गेली असती अशी गाडी जॅममध्ये पाणी ओकते. जुन्या कॅपचं रबर नखाने दाबून पाहा: चीर दिसली की बदला, त्याच आकड्याची.

३. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्यामधली फट. समोरून जाळी स्वच्छ दिसते, कचरा आत असतो. बांधकामांची आणि मेट्रोच्या कामांची धूळ, पावसाळ्यात तिचा चिखल, वर किडे. दोन वर्षांत नमद्यासारखा थर बसतो. इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाने पाणी मारा. प्रेशर वॉशरने फिन (रेडिएटरच्या पातळ पत्र्या) दुमडतात आणि होती तीही वाट बंद होते.

४. फॅन. मंद आणि जलद, दोन्ही वेग. मंद वेगाचा रेझिस्टर जळाला की फॅन फक्त जलद वेगाच्या आकड्याला, म्हणजे १००-१०५ला लागतो. मालकाला वाटतं फॅन फिरतो, तर फॅन ठीक आहे.

५. कूलंटमध्ये बुडबुडे. थंड इंजिनाची कॅप काढून इंजिन सुरू करा. सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय घ्या. तिथे कोणताही थर्मोस्टॅट कामाचा नाही.

> सावधान: गरम इंजिनाची कॅप कधीही उघडायची नाही, कापड धरूनही नाही. दाब सुटताच ११० अंशांचं पाणी उसळून तोंडावर येतं. वरचा होज हाताने सहज दाबला जाईपर्यंत थांबा.

## ४. आकडा निवडा

आपल्याकडचं हवामान निवडीच्या दृष्टीने सोपं आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेही पारा १५च्या आसपासच थांबतो, मार्च ते मे दुपारी ३५ ते ४०, आणि वर्षभर दमट हवा. गोठण्याचा प्रश्न नाही, केबिन हीटरची गरज नाही. मात्र अंतरं छोटी आणि थांबे फार, आणि हीच बाब लोक विसरतात.

इसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) असलेली, म्हणजे इंजेक्शनची गाडी. कंपनीचाच आकडा. इथे तडजोड नको. इंजिन ठरावीक तापमानाला पोचेपर्यंत इसीयू पेट्रोल जास्त सोडतो, त्याचं वेळापत्रक मूळ थर्मोस्टॅटवर बांधलेलं आहे. ८८च्या जागी ७१ बसवला तर मोकळ्या रस्त्यावर इंजिन सतत अर्धवट गरम राहील, चेक लाइट लागेल, आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरेल.

कंपनीने एकाच इंजिनाला दोन आकडे दिले असतील. काही कॅटलॉगमध्ये थंड देशांसाठी ८८ आणि उष्ण देशांसाठी ८२ असा पर्याय असतो. तेव्हाच आणि फक्त तेव्हाच ठाण्यासाठी कमी आकडा घ्या. आपल्या चासी नंबरला तो लागू आहे याची काउंटरवर खात्री करून घ्या.

कार्ब्युरेटरची पेट्रोल किंवा जुन्या मेकॅनिकल पंपाची डिझेल. प्रीमियर पद्मिनी, जुनी मारुती ८००, जीप यांच्या मालकांना निवडीला थोडी मोकळीक आहे. आमचं स्पष्ट मत ८२. त्याखाली ७१-७६ वर गेलं की छोट्या फेऱ्यांत ऑइलमधली वाफ निघून जात नाही. दमट हवेत ऑइलच्या झाकणाखाली दुधी मलई साचते आणि ती पाहून हेड गॅस्केट गेलं असं सांगणारेही भेटतात. ८८ किंवा ९२ची इथे गरज नाही. उन्हाळ्यात चढावर इंजिन नॉक करण्याची (खडखडण्याची) शक्यता त्याने वाढते.

सीएनजी. आकडा तोच, कंपनीचा. पण रिड्यूसरचा (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) विचार करा. दाबाखालचा गॅस प्रसरण पावताना थंड होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनाचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. सिक्वेन्शियल (इंजेक्टरने गॅस सोडणाऱ्या) किटमध्ये रिड्यूसर पुरेसा गरम झाल्यावरच गाडी पेट्रोलवरून गॅसवर जाते. थर्मोस्टॅट काढला की हा वेळ लांबतो आणि हिवाळ्याच्या सकाळी घरापासून स्टेशनपर्यंतची फेरी बरीचशी पेट्रोलवरच होते.

बीएस-६ डिझेल. इथे कमी तापमान सर्वांत महाग पडतं. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरू व्हायला इतर अटींबरोबर कूलंटही पुरेसं गरम लागतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला की ही प्रक्रिया वारंवार पुढे ढकलली जाते, डीपीएफचा दिवा लागतो, आणि लोक डीपीएफ साफ करून घेतात, मूळ कारण तसंच ठेवून.

विजेवर चालणारा किंवा जोड थर्मोस्टॅट. काही युरोपीय गाड्यांत थर्मोस्टॅटच्या मेणाला आतून वीज देऊन इसीयू तो लवकर उघडतो. फोक्सवॅगन गटाच्या टीएसआय इंजिनांत हेड आणि ब्लॉक यांचे थर्मोस्टॅट वेगवेगळे, वेगवेगळ्या आकड्यांचे असतात. इथे आकड्याशी खेळू नका, पूर्ण असेंब्ली तशीच्या तशी घ्या.

आणि थर्मोस्टॅट काढून टाकण्याचं काय? पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. वरची रेडिएटरची वाट उघडते तेव्हा खालची बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो, आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनात परत जातो. सकाळी गाडी नको इतकी थंड आणि दुपारी जॅममध्ये आधीपेक्षा जास्त गरम, असा दुहेरी तोटा त्यातून होतो.

> तपासा: निवडलेला आकडा फॅनच्या आकड्याशी ताडून पाहा. थर्मोस्टॅट उघडायला लागणं आणि फॅन लागणं यांत साधारण १० अंशांचं अंतर हवं. ९२चा थर्मोस्टॅट आणि ९५ला लागणारा फॅन अशी जोडी झाली तर रेडिएटरची वाट अर्धीच उघडलेली असताना फॅन अखंड फिरत राहतो.

## ५. खरेदी

थर्मोस्टॅटसोबत नवं गॅस्केट किंवा ओ-रिंग, होजच्या क्लिपा आणि योग्य कूलंट एकाच वेळी घ्या. हाऊसिंग प्लास्टिकचं असेल आणि गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर हाऊसिंगही घ्या. जुनं प्लास्टिक बोल्ट सोडतानाच तडकतं.

दुकानात पाकीट उघडून पाहा. चकतीवर आकडा स्पष्ट कोरलेला हवा. तबकडी बसकीवर (ती टेकते त्या कडेवर) नीट टेकते का हे उजेडाकडे धरून पाहा. हवा सुटायच्या छोट्या पिनेशिवाय कुठूनही प्रकाश दिसायला नको. जुना नमुना सोबत नेलात तर व्यास, उंची आणि खालची बायपास तबकडी आहे की नाही, तिन्ही जुळवता येतात. चकतीचा व्यास जुळला म्हणजे झालं, असं नाही. खालच्या तबकडीची उंची चुकली तर बायपास बंदच होत नाही.

कूलंट रंगावर घेऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने देते. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार घ्या. कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यात डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच मिसळा. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि थर्मोस्टॅटच्या दांड्यावर बसतो. प्रमाण मॅन्युअलप्रमाणे, आपल्याकडे गोठण्यापासून संरक्षण नको म्हणून कूलंट पाचवा हिस्साच टाकू, असं करू नका. गंज रोखणारी रसायनं कूलंटमध्येच असतात.

## ६. नवा थर्मोस्टॅट पातेल्यात तपासा

नव्या डब्यातला म्हणून चांगलाच असेल असं धरू नका. वीस मिनिटांची ही चाचणी पुन्हा हाऊसिंग खोलण्याचा त्रास वाचवते. जुनं, स्वयंपाकात पुन्हा न वापरायचं पातेलं, १०० अंशांच्या वर मोजणारा थर्मामीटर, शिवणाचा दोरा आणि ८ मिलिमीटरचा ड्रिल बिट एवढं पुरे.

दोऱ्याचं टोक तबकडी आणि बसकी यांच्या फटीत चिमटून थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगा आणि पाण्यात सोडा. तो आणि थर्मामीटर दोन्ही पातेल्याच्या बुडाला टेकायला नकोत, कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं. ७० अंशांनंतर आच अगदी मंद करा आणि पाणी ढवळत राहा. मेणाला उष्णता पोचायला वेळ लागतो. घाईने तापवलं तर ८२चा थर्मोस्टॅट ८७ला उघडल्यासारखा दिसतो. सुरुवातीला काहीच घडत नाही, तबकडीभोवती फक्त बारीक बुडबुडे चिकटतात. मग फट केसाएवढी उघडते, दोरा निसटतो आणि थर्मोस्टॅट टपकन बुडाशी बसतो. त्या क्षणीचा आकडा लिहून घ्या. कोरलेल्या आकड्याच्या दोन अंश इकडेतिकडे चालेल.

मग तो चिमट्याने वर उचलून धरा आणि तापवत राहा. पूर्ण उघडण्याच्या तापमानाला चार-पाच मिनिटं ठेवल्यावर ड्रिल बिटचा दांडा फटीत सहज गेला पाहिजे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, त्यामुळे ८२च्या थर्मोस्टॅटची ही चाचणी पूर्ण होते, ८८ची जेमतेम, आणि त्यावरच्या आकड्यांना फक्त उघडायला लागण्याचं तापमान पाहता येतं.

शेवटी आच बंद करा आणि तबकडी बंद होईपर्यंत लक्ष ठेवा. उघडण्याच्या आकड्यापेक्षा पाचेक अंश खाली ती पूर्ण टेकते. टेकली नाही तर दुकानात परत.

## ७. बसवणं

१. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं.

२. रेडिएटरचा ड्रेन किंवा खालचा होज सोडून कूलंट पसरट भांड्यात काढा. छोट्या गाडीत एकूण चार-पाच लिटर असतं; किती निघालं ते मोजा, पुढे उपयोगी पडेल.

> सावधान: कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि दगावतात. सांडलेलं लगेच पुसा, पाण्याने धुऊन काढा, आणि जुनं कूलंट गटारात न ओतता बंद कॅनमधून गॅरेजमध्ये द्या.

३. हाऊसिंगचे बोल्ट थोडे थोडे, आलटूनपालटून सोडा. जुना थर्मोस्टॅट कोणत्या दिशेने बसला होता याचा फोटो घ्या.

४. दोन्ही सपाट पृष्ठभागांवरचं जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने काढा. अॅल्युमिनिअमवर पाना किंवा पोलादी पातं घासलं की चरा पडतो आणि तिथून पाणी झिरपत राहतं.

५. मेणाचं नळकांडं इंजिनाच्या बाजूला. उलटा बसला तर गरम पाणी मेणापर्यंत पोचत नाही आणि गाडी काही मिनिटांत तापते. हवेची पिन असेल तर ती सर्वांत वर, घड्याळातल्या १२च्या जागी. पिन खाली राहिली तर थर्मोस्टॅटमागे हवा कोंडते.

६. ओ-रिंग कोरडी न बसवता तिला थोडं कूलंट लावा. गॅस्केट मेकरचा (सांधा भरायच्या पेस्टचा) ढीग नको. आत फुगलेला तुकडा सुटून रेडिएटरच्या नळीत अडकतो. ज्या गाडीत कंपनी ओ-रिंग देते तिथे गॅस्केट मेकर लागतच नाही.

७. बोल्ट हाताने पूर्ण फिरवून मग पाना लावा. मॅन्युअलचा टॉर्क पाहा. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला तो साधारण १० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे लहान पान्याने मनगटाचा जोर. लांब दांड्याने आवळले की हाऊसिंग वाकतं किंवा अॅल्युमिनिअममधले आटे जातात.

## ८. हवा काढणं

थर्मोस्टॅट बदलल्यावर "आता जास्तच तापते" अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा आत हवा राहिलेली असते. हवेच्या फुग्यात मेणाला गरम पाणी लागत नाही आणि सेन्सरही वाफेचं तापमान मोजतो.

गाडीचं तोंड थोडं वर राहील अशी उभी करा. पार्किंगचा उतार पुरतो. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा. ठाण्यात हा नॉब वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही, त्यामुळे हीटरच्या पाण्याचा कॉक असलेल्या गाड्यांत तो गंजून अडकलेला असू शकतो. जबरदस्ती न करता हळूहळू मोकळा करा. हवा सोडायचा स्क्रू असेल तर उघडा आणि त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत कूलंट हळू ओता. सीएनजी गाडीत रिड्यूसरचे दोन्ही होज अधूनमधून दाबा, हवा तिथेही कोंडते.

मग रेडिएटरची कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा, एसी बंद. वरचा होज मधूनमधून दाबा, पातळी उतरेल तसं कूलंट भरा. थर्मोस्टॅट उघडला की होज अचानक गरम होतो आणि पातळी झपकन खाली जाते. लगेच भरा आणि कॅप लावा. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. रेडिएटरवर कॅप नसलेल्या, दाबाच्या बाटलीच्या गाड्यांत मॅन्युअलमधलीच पद्धत वापरा. काहींना व्हॅक्यूमने भरावं लागतं.

> तपासा: आत गेलेलं कूलंट आणि काढलेलं कूलंट यांत अर्ध्या लिटरहून जास्त फरक आहे? मग हवा अजून आत आहे.

## ९. पुन्हा मोजा

दुसऱ्या टप्प्यातल्या चारही नोंदी पुन्हा घ्या, शक्य तर त्याच रस्त्यांवर, त्याच वेळी. निरोगी थर्मोस्टॅट स्कॅनरवर ओळखता येतो: तापमान सलग चढतं, उघडण्याच्या आकड्यापुढे दोन-चार अंश जातं, रेडिएटरमधलं थंड पाणी आत शिरताच तेवढंच खाली येतं, आणि दोन-तीन हेलकाव्यांनंतर स्थिरावतं. चढताना कुठेच अडखळलं नाही आणि १०५ पार केलं तर इंजिन बंद करा. हवा किंवा उलटा बसवलेला थर्मोस्टॅट.

मोकळ्या रस्त्यावर आकडा पूर्वीच्या ६५वरून ८५-९०वर आला, तर काम फत्ते. जॅममधला आकडा मात्र तेवढाच राहिला, तर तिसऱ्या टप्प्याकडे परत जा. उत्तर फॅन, कॅप किंवा जाळीत आहे.

पहिले तीन दिवस सकाळी थंड इंजिनावर बाटलीतली पातळी पाहा. थोडी उतरणं साहजिक आहे, उरलेली हवा बाहेर पडत असते. कमाल आणि किमान रेषांच्या मधोमध भरून घ्या. चौथ्या दिवसानंतरही उतरत असेल तर हाऊसिंगच्या सांध्याखाली पांढरा कागद किंवा पुठ्ठा ठेवून गळती शोधा. पी ०१२८ कोड आधी आला असेल तर तो स्कॅनरने पुसा, आणि घोडबंदर किंवा ठाणे-बेलापूर रोडवरच्या रोजच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा वाचा.